युरोपवारीला कपडे काय न्यायचे? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या टूर ऑफिसच्या टेबलावर तिकिटाचं काम पंधरा मिनिटांत उरकतं आणि कपड्यांची चर्चा तासभर चालते. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र लिहून ठेवलेत. विचार फक्त शहरांच्या सहलीचा आहे: पॅरिस, ॲमस्टरडॅम, रोम, व्हेनिस, प्राग, बार्सिलोना आणि मध्ये एखादा दिवस स्वित्झर्लंडचा बर्फ. ट्रेकिंग-स्कीइंगवाल्यांनी दुसरीकडे विचारावं.

आधीच सांगतो, युरोपसाठी म्हणून महाद्वार रोडवर जाऊन थैल्या भरून खरेदी करू नका. बूट आणि वरचं जॅकेट सोडलं, तर लागणारं जवळजवळ सगळं तुमच्या कपाटात आत्ता आहे. पैसा या दोन वस्तूंवर घाला.

पोरांच्या मे महिन्याच्या सुट्टीत चाललोय. तिकडेही उन्हाळाच की, मग स्वेटर कशाला?

कारण तिकडचा मे आपल्या जानेवारीपेक्षा गार असतो. पॅरिसमध्ये मे महिन्यात दुपारी साधारण २० अंश आणि पहाटे ११ च्या आसपास. कोल्हापुरात कडाक्याची थंडी म्हणतो तेव्हा पहाटे १४-१५ असतं आणि दुपारी ऊन तापतंच. ॲमस्टरडॅम पॅरिसपेक्षा आणखी गार, वर समुद्रावरचा वारा. रोम-बार्सिलोनाला मात्र मे महिना छान, दिवसा शर्टावर फिरता येतं.

लोक फसतात ते संध्याकाळी. मे अखेरीस पॅरिसला सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. दुपारी चारला ऊन बघून स्वेटर हॉटेलात टाकून निघायचं, आणि साडेनऊला सीन नदीतल्या बोटीच्या उघड्या डेकवर बसायचं, म्हणजे दातावर दात. उजेड आहे म्हणून ऊब आहे असं तिथे नसतं. मे महिन्यात सकाळी निघताना बॅगेत एक पातळ स्वेटर आणि एक वाऱ्याला अडवणारं जॅकेट हवंच.

जुलै-ऑगस्टला गेलो तर?

तर उलटी तयारी. रोममध्ये दुपारी ३१-३२ अंश नेहमीचे, आणि उष्णतेची लाट आली की विचारू नका: २५ जुलै २०१९ ला पॅरिसमध्ये ४२.६ अंशांची नोंद झाली. जुन्या हॉटेलांत एसी असेलच असं नाही, पंखा तर छताला नसतोच. इचलकरंजीच्या मागावरचं सैलसर सुती कापड अशा वेळी कुठल्याही ब्रँडेड टीशर्टपेक्षा बरं. टोपी, गॉगल, आणि संध्याकाळसाठी एक पातळ ओढणी किंवा शर्ट. उत्तरेकडे, म्हणजे ॲमस्टरडॅम-लंडनला, जुलैतही पाऊस येतो आणि पारा २२-२३ वर अडकतो, त्यामुळे जॅकेट घरी ठेवायचं नाही.

आणि दिवाळीनंतर?

नोव्हेंबरमध्ये पॅरिस दिवसा १०-१२ अंश, ढगाळ, ओलसर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात, त्यामुळे साडेपाचच्या आत अंधार. डिसेंबर-जानेवारीत प्रागला दिवसासुद्धा पारा शून्याच्या आसपास घुटमळतो. नाताळचे बाजार बघायला जाणाऱ्यांनी थर्मल, लोकरी टोपी, हातमोजे आणि मफलर घ्यायचंच. बाजार उघड्यावर असतात आणि तासन्‌तास उभं राहावं लागतं. थंडी शिरते ती पायातून आणि कानातून.

मग एकच जाडजूड जॅकेट घेतलं की झालं ना? पाहुण्यांचं लडाखला घेतलेलं पडूनच आहे.

फुकट मिळतंय म्हणून नेऊ नका. शहरात तुम्ही दिवसातून दहा-बारा वेळा आत-बाहेर करता. बाहेर ५ अंश, आणि मेट्रो, म्युझियम, दुकानात शिरलं की हिटरचे २०-२१. लडाखी जॅकेट आत काढावं लागतं, मग ते दोन्ही हातांनी बाळासारखं घेऊन लूव्हर म्युझियमभर फिरायचं.

त्यापेक्षा थर करा. अंगाला लागून बनियन किंवा थर्मल, त्यावर शर्ट किंवा कुर्ता, त्यावर फ्लीस किंवा पातळ लोकरी स्वेटर, आणि सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारं टोपीवालं जॅकेट. वरचं जॅकेट एक नंबर मोठं घ्या, आत स्वेटर मावला पाहिजे. दुकानात ट्रायल घेताना स्वेटर घालूनच जा. उन्हाळ्यात दुकानदार बघेल तुमच्याकडे, बघू दे.

थर्मल थंडीच्या दिवसांत गेलात तर लागतं. मे महिन्यात फक्त शहरंच बघणार असाल तर नको.

स्वित्झर्लंडला बर्फात जाणार आहोत. त्याच्यासाठी वेगळी बॅग लागेल का?

एका दिवसासाठी? अजिबात नाही. गणित सोपं आहे. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. इंटरलाकेन गाव ५७० मीटरच्या आसपास, आणि बर्फ बघायला वर जायचं ते युंगफ्राऊयोखचं रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर. म्हणजे खाली २० अंश असताना वर जेमतेम शून्य-एक, आणि वारा सुटला तर त्याहून गार वाटतं. टिटलिस या दुसऱ्या बर्फाच्या डोंगराचं वरचं स्टेशनही तीन हजार मीटरच्या वरच आहे.

वर सांगितलेले सगळे थर एकावर एक चढवा, खाली पँटच्या आत थर्मलची पँट किंवा जाड लेगिन्स घाला, टोपी-हातमोजे घाला, भागलं. वर बरंच अंतर बोगद्यातून आणि इमारतीच्या आतूनच चालायचं असतं. बाहेर बर्फात फोटोपुरते थांबता. गॉगल मात्र विसरू नका, बर्फावरून ऊन थेट डोळ्यांत येतं. बुटाचा तळ खाचांचा हवा. गुळगुळीत तळाचे पांढरे फॅशनवाले बूट घालून गेलात तर पहिल्याच वळणावर बसाल.

बारा दिवसांसाठी कपडे नक्की किती? आकडा सांगा.

एका माणसाला: तीन पँट (घातलेली धरून), सहा शर्ट-टीशर्ट किंवा कुर्ते, एक स्वेटर, एक जॅकेट, आतल्या कपड्यांचे सात जोड, मोज्यांचे सात जोड, रात्रीचा एक पोशाख, एक ओढणी किंवा मफलर. बायकांनी हाच हिशोब ड्रेसचा धरायचा. मधे एकदा कपडे धुवायचे हे यात गृहीत आहे.

जीन्स एकच न्या. एका जीन्सचं वजन सहाशे-सातशे ग्रॅम भरतं आणि ओली झाली तर दोन दिवस वाळत नाही. बाकी पँट पातळ कापडाच्या, गडद रंगाच्या.

विमान कंपनी तेवीस किलो नेऊ देते म्हणून तेवीस किलो भरायचे नसतात. तिथे हमाल नाही. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. रस्त्यावरची टॅक्सी-रिक्षा हा प्रकारच नाही, बॅग तुम्हीच उचलायची. पॅरिसच्या मेट्रोत कितीतरी स्टेशनांना लिफ्ट नाही. जुन्या हॉटेलांत लिफ्ट असली तरी एक माणूस आणि एक बॅग एवढीच जागा. प्रागच्या दगडी रस्त्यावर बॅगेची चाकं अशी खडखडतात की गल्ली जागी होते. भरलेली बॅग उचलून घरातल्या जिन्यावरून दोन मजले चढून बघा. धाप लागली तर त्यातून तीन वस्तू काढा आणि परत चढा.

रोज तेच कपडे घातले तर फोटोत सगळीकडे सारखेच दिसणार की!

हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, पण विचारतात सगळेच. उपाय गळ्याजवळ आहे. फोटोत दिसतो तो चेहरा आणि छातीपर्यंतचा भाग, आणि थंडीत तर फक्त जॅकेट दिसतं. त्या एका मफलरऐवजी वेगवेगळ्या रंगांचे तीन स्टोल किंवा मफलर न्या, दोन-तीनशे ग्रॅममध्ये काम होतं. पँट काळी, निळी, राखाडी ठेवा म्हणजे कुठलाही शर्ट कशावरही चालतो.

युरोपात लोक काळं-करडंच घालतात म्हणून तुम्हीही घालायला पाहिजे असं काही नाही. खुशाल राणी कलर, पोपटी घाला. गर्दीत आपली माणसं लांबून सापडतात हा त्याचा आणखी एक फायदा.

सासूबाई नऊवारीच नेसतात. आयुष्यात ड्रेस घातलेला नाही. जमेल का?

जमेल. उगाच त्यांना सलवार-कमीज घालायला लावून अवघडून टाकू नका. बारा दिवस अवघडलेल्या माणसाला कुठलंच शहर आवडत नाही.

नऊवारीला एक सोय आहे जी पाचवारीला नाही: कासोटा. दोन पाय मोकळे असल्यामुळे जिने, बसची पायरी, बोटीत चढ-उतार सोपं जातं. आत थर्मलची पँट किंवा जाड लेगिन्स घातली तर थंडीचाही प्रश्न मिटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. पोटऱ्या उघड्या पडतात तिथे गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे.

ब्लाऊज मात्र बदलावा लागतो. आखूड बाहीच्या ब्लाऊजवर स्वेटर घातला की दंडाशी चोळामोळा होतो. होजिअरीचे पूर्ण बाह्यांचे, ताणले जाणारे तयार ब्लाऊज मिळतात. काळा, मरून आणि चॉकलेटी असे तीन घेतले की सगळ्या लुगड्यांवर चालतात. वरून पुढे बटणं असलेला स्वेटर. डोक्यावरून घालायचा नको, पदर आणि अंबाडा दोन्ही विस्कटतात. त्यावर मांडीपर्यंत येणारं जॅकेट, पदर जॅकेटच्या आत. पदर बाहेर सोडला तर आयफेल टॉवरवर वारा तो कुणाच्या तोंडावर नेऊन टाकेल सांगता येत नाही.

लुगडी चार पुरेत. सुती नऊवारी वाळायला वेळ घेते आणि चुरगळते, म्हणून पॉलिएस्टर-मिक्स किंवा पातळ सिल्क सोयीचं. इरकल नेसायची हौस असेल तर एक न्या, वजन सोसून.

सरकत्या जिन्यावर मात्र घरच्या एकाने त्यांच्या मागे उभं राहायचंच. पाचवारी असेल तर निऱ्या डाव्या हाताने वीतभर उचलून धरायच्या आणि उतरताना शेवटच्या पायरीआधीच पाऊल उचलायचं. साडीचा काठ जिन्याच्या दातांत अडकू शकतो. मुंबईला विमानतळावर पोचल्यावर दोन-तीनदा वर-खाली करून सराव करून घ्या.

पायात बूट. लुगड्याखाली स्पोर्ट्स शूज कसे दिसतील याची चिंता फक्त पहिल्या दिवशी असते.

कोल्हापूरचे आहोत, मग कोल्हापुरी घालूनच मिरवायला नको का? ते प्राडाचं झालं तेव्हापासून मुलगा ऐकत नाही.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, आधी नाव घेतलं नाही, ओरड झाल्यावर मूळ भारतातलं असल्याचं मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तेव्हा मिलानच्या चौकात घालून फोटो काढायला पोराला नक्की द्या. जोड बॅगेत ठेवा आणि कोरड्या, उन्हाच्या दिवशी घाला.

रोज चालायला मात्र नको. अस्सल कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते. तिचं पाण्याशी वैर. भिजली की ताठ होते, आकार बिघडतो. चामड्याचा गुळगुळीत तळ ओल्या दगडी रस्त्यावर सरकतो. शिवाय ती अंगठ्याची चप्पल, मोजे घालता येत नाहीत. नव्या जोडाची करकर ऐकून सिस्टीन चॅपेलमधल्या शांततेत माना वळतील ती गंमत वेगळी.

मग बूट कसले घ्यायचे?

सगळ्या यादीत हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि लोक विचारतात शेवटी, बॅग भरून झाल्यावर.

युरोपातली शहरं पायांनी बघायची असतात. दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात, तीही रोमच्या काळ्या दगडी ठोकळ्यांवर, प्रागच्या उंचसखल फरशीवर, लिस्बनच्या घासून गुळगुळीत झालेल्या चुनखडीवर. पातळ तळाचा बूट असला तर प्रत्येक दगड टाचेला कळतो. जाड, थोडा मऊ, खाचांचा तळ हवा. वरून पाणी लगेच शिरणार नाही असं कापड किंवा लेदर. रंग गडद. टाचेचे सँडल, पेन्सिल हिल घरी ठेवा.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. विमानात तर आणखी सुजतो. जे मोजे तिकडे घालणार तेच घालून माप घ्या. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे.

आणि निघण्याच्या किमान महिनाभर आधी घ्या. रोज संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी मारा, दोन रविवार जोतिबाच्या पायऱ्या चढून उतरा. टाचेला फोड यायचा असेल तर तो इथेच येऊ दे. आदल्या दिवशी कोरा करकरीत जोड घेऊन विमानात बसणारे लोक तिसऱ्या दिवशी बसमधून खाली उतरत नाहीत, हे आमच्या टूर मॅनेजरांचं नेहमीचं गाऱ्हाणं.

जोड दोन हवेत, एक भिजला तर दुसरा. जड असलेला पायात, हलका बॅगेत. हॉटेलच्या खोलीत चप्पल मिळेलच असं नाही, म्हणून एक साधी स्लीपर.

चर्चमध्ये कपड्यांचे नियम असतात म्हणे?

असतात. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, बाई असो की बुवा. बर्म्युडा घातलेल्या बाप्यांना दारातून परत पाठवतात, तासभर रांगेत उभं राहिल्यानंतर. व्हेनिसचं सेंट मार्क आणि मिलानचं कॅथेड्रल इथेही तेच. अंबाबाईच्या दर्शनाला जाल तसे जा, कुठेच अडणार नाही. बिनबाह्यांचा ड्रेस असेल तर ओढणी खांद्यावरून घेतली की चालतं.

रस्त्यावरही थोडं भान ठेवा. बार्सिलोनात पोहायच्या कपड्यांत किंवा उघड्या अंगाने रस्त्यावर फिरलं तर दंड होतो.

मुलगी गाडीवर बांधते तसा चेहऱ्याला स्कार्फ बांधून फिरेल. ऊन लागत नाही तिला.

कोल्हापुरात राजारामपुरीपासून विद्यापीठापर्यंत डोळे सोडून सगळं गुंडाळून जाणं रोजचंच आहे. फ्रान्समध्ये ते बेकायदा आहे. सार्वजनिक जागी चेहरा झाकायला बंदी घालणारा कायदा तिथे एप्रिल २०११ पासून लागू आहे आणि दंड १५० युरोपर्यंत. ऑस्ट्रियात २०१७ पासून, डेन्मार्कमध्ये २०१८ पासून, स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी २०२५ पासून अशीच बंदी आहे. स्विस कायद्यात हवामानासाठी सूट आहे, म्हणजे कडाक्याच्या थंडीत मफलर नाकावर घेतलात तर काही नाही. उन्हासाठी टोपी आणि सनस्क्रीन. केसांवर स्कार्फ चालतो, चेहरा दिसला पाहिजे.

दागिने घालू का? आणि पासपोर्ट-पैसे कुठे ठेवायचे?

सोनं गुजरीतून आणलंय ते घरच्या लॉकरमध्ये राहू दे. मंगळसूत्र हवंच असेल तर छोटं, काळ्या मण्यांचं, बंद गळ्याच्या आत.

चोर तिथेही आहेत आणि फार सफाईदार आहेत. रोमची टर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस, पॅरिसची मेट्रो, बार्सिलोनाचा ला राम्ब्ला रस्ता: ही त्यांची आवडती ठिकाणं. पँटच्या मागच्या खिशात काही ठेवायचं नाही.

आपल्याकडे याला जुना आणि उत्तम उपाय आहे, चोरकप्पा. गल्लीतल्या टेलरकडे जा आणि परकराच्या किंवा कुर्त्याच्या आत, कमरेच्या जरा खाली, उजव्या हाताला पंधरा सेंटीमीटर बाय अकरा सेंटीमीटरचा कप्पा शिवून घ्या. पासपोर्ट साडेबारा बाय पावणेनऊ सेंटीमीटरचा असतो, वर थोडी मोकळीक लागते. तोंडाला चेन लावायची, बटण नको. कापड दुहेरी, आणि शिवण दोनदा मारायला सांगा. पुरुषांच्या पँटला आतून कमरपट्ट्याखाली तसाच. प्रत्येक पँटला नको, दोन केल्या की बास. मुख्य म्हणजे पैसे काढायचे असतील तर भर रस्त्यात कप्पा उघडायचा नाही. दिवसाचे सुटे सकाळीच वरच्या खिशात काढून ठेवायचे.

तिकडे कपडे धुवायचे कसे?

हॉटेलच्या लाँड्रीत एका शर्टाचा दर ऐकाल तर शर्टच फेकून द्याल. प्रत्येक शहरात पैसे टाकून चालणारी मशीनची दुकानं असतात. पॅरिसमध्ये पाटीवर ‘लाव्हरी’, इटलीत ‘लावांदेरिया’, जर्मनीत ‘वाशसलोन’ असं लिहिलेलं दिसेल. धुणं आणि वाळवणं मिळून दीड तास. चार जणांचे कपडे एकाच मशीनमध्ये जातात.

आतले कपडे आणि मोजे रोज रात्री हाताने धुतले तर उत्तम. पिळून झाल्यावर कोरड्या टॉवेलात गुंडाळी करून त्यावर गुडघा टेकून दाबायचं. टॉवेल पाणी ओढून घेतो आणि सकाळपर्यंत वाळतात. जुलैत इथे घरभर दोऱ्या बांधून संसार वाळवणाऱ्या बायकांना हे शिकवायला नको. खिडकीबाहेर वाळत घालू नका फक्त.

छत्री न्यायची की रेनकोट?

टोपीवालं जॅकेट असेल तर दोन्ही नको. ॲमस्टरडॅमच्या वाऱ्यात घडीची छत्री उलटी होते. पंचगंगेला पूर येतो तसल्या पावसासाठीचा आपला प्लॅस्टिकचा रेनकोट तिकडच्या रिमझिमीत जास्त होतो, आत घामाने भिजता.

कोट-टाय लागेल का?

नाही. मिलानच्या ला स्कालामध्ये ऑपेरा बघणार असाल तर हाफ पँट आणि बिनबाह्यांचा टीशर्ट चालत नाही. साधी पँट आणि कॉलरचा शर्ट पुरतो. ब्लेझर नेला तर तो विमानभर सांभाळत बसाल.

पोहायचे कपडे?

न्या, कमी जागा लागते. पॅरिसच्या महापालिकेच्या तलावांत पुरुषांना घट्ट चड्डीच लागते, सैल बर्म्युडा चालत नाही, आणि टोपी सक्तीची.

लहान पोरांचं काय?

मोठ्यांपेक्षा दोन जोड जास्त, आणि त्यातला एक जोड कायम तुमच्या पाठीवरच्या बॅगेत. आईस्क्रीम सांडतं. हातमोज्यांना दोरी शिवून ती जॅकेटच्या बाह्यांतून ओवा, हरवत नाहीत. पोरांचं जॅकेट दोन नंबर मोठं घेऊ नका, पुढच्या वर्षी होईल म्हणून. यंदा गार वारा आत शिरतो.

इस्त्री?

नको. गरम पाण्याचा शॉवर सोडून बाथरूममध्ये कपडे टांगा, बऱ्यापैकी सुरकुत्या जातात. बाकीच्या कोणी बघत नाही.

चटणी, भडंग कपड्यांतच गुंडाळून नेलं तर चालेल का? जागा वाचते.

कांदा-लसूण चटणीचं तेल सुटतं आणि एकदा स्वेटरला लागलं की तो स्वेटर घरी येईपर्यंत कोल्हापूर सोबत घेऊन फिरतो. चटणी आधी झिपच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, मग स्टीलच्या डब्यात, आणि डबा बॅगेच्या मधोमध, कडेला नाही. भडंग वरती, चुरा होऊ नये म्हणून. ठेचा-लोणचं केबिन बॅगेत ठेवू नका, शंभर मिलिलिटरच्या वर असलं तर सिक्युरिटीला काढून घेतात. दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपियन युनियनमध्ये बाहेरून नेता येत नाही, त्यामुळे पेढे आणि तूप राहू दे. सुकं मटण घेऊन जायचं का असंही विचारतात. नाही.

कोल्हापुरातून निघताना अंगात काय घालायचं?

जड वस्तू अंगावर: चालायचे बूट, एकुलती एक जीन्स किंवा जाड पँट. जॅकेट हातात. महालक्ष्मी एक्सप्रेसने जा की रात्रीच्या गाडीने, मे महिन्यात मुंबईत उतरल्यावर घामाच्या धारा लागतात, म्हणून थर्मल घरून घालून निघायचा आगाऊपणा नको. विमानात मात्र गार असतं, स्वेटर वरच ठेवा.

केबिन बॅगेत एक पूर्ण जोड, आतले कपडे, मोजे, औषधं आणि स्वेटर हवेतच. मोठी बॅग दुसऱ्या विमानाने, दुसऱ्या दिवशी येऊ शकते. घरातले दोघे असाल तर दोन्ही मोठ्या बॅगांत दोघांचे अर्धे-अर्धे कपडे भरा. एक बॅग हरवली तरी दोघांकडे घालायला काहीतरी राहतं.

तिकडेच कपडे घेतले तर? सेल असतो म्हणतात.

फ्रान्समध्ये सेलचे दिवस सरकारी नियमाने ठरतात: एक जानेवारीत सुरू होतो, दुसरा जून अखेरीस, प्रत्येकी चार आठवडे. स्वेटर आणि कोट जानेवारीत खरंच स्वस्त पडतात. मापं मात्र घालूनच बघा. उंचीला बाह्या लांब निघतात, आणि तिकडे अल्टर करून देणारा टेलर आपल्या टेलरसारखा पन्नास रुपयांत दाराशी बसलेला नसतो.

खरेदीवरचा कर परत मिळतो, पण किमान रक्कम लागते. फ्रान्समध्ये एका दुकानात १०० युरोंच्या वर, इटलीत ७० युरोंच्या वर, स्पेनमध्ये किमान मर्यादाच नाही. पासपोर्ट दाखवून दुकानातच फॉर्म घ्यायचा आणि युरोपियन युनियनमधून शेवटचं बाहेर पडता तिथे कस्टमचा शिक्का किंवा मशीनवर नोंद करायची. लंडनमध्ये ही सोय २०२१ पासून बंद आहे. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे पॅरिसमध्ये खरेदी करून रेल्वेने झ्युरिकला जाऊन तिथून परतणार असाल, तर शिक्का फ्रान्स सोडतानाच घ्यावा लागतो. झ्युरिकला विमानतळावर हा फॉर्म दाखवून उपयोग होत नाही. घेतलेला कोट तोवर घालू नका. लेबलसकट, बिलासकट वरच्या कप्प्यात ठेवा आणि मोठी बॅग काउंटरवर देण्याआधी कस्टमकडे जा, कारण ते वस्तू बघायला मागू शकतात.